विश्वस्त की वतनदार?

गावोगावच्या सोसायट्यांच्या आणि जिल्हा बँकांच्या वार्षिक सभांचे दिवस आले म्हणजे छापील अहवाल वाटले जातात, ताळेबंद वाचल्यासारखे करून वाचले जातात, 'मंजूर, मंजूर' असा घोष होतो आणि चहापाणी उरकून सभासद घरोघर परततात. हा घोष ऐकला म्हणजे आम्हांस २००२ सालची आठवण होते. त्या साली धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या, मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे ३० कोटी रुपये 'होम ट्रेड' नावाच्या एका दलाल कंपनीच्या व्यवहारात अडकले. हा पैसा कोणा लक्षाधीशाचा नव्हता. तो सोयाबीन-तूर विकून चार पैसे मागे टाकणाऱ्या कुणब्याचा, मास्तराचा, पेन्शनराचा आणि मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवणाऱ्या विधवेचा होता. त्या कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याचा उत्कर्ष आणि अधःपात यांची हकीकत वर्तमानपत्रांतून तेव्हा रंगवून आली, लोकांनी ती चवीने वाचली आणि तो मनुष्य पकडला गेला तेव्हा प्रकरण संपले असे सर्वांनी मानले. आमच्या मते प्रकरणाचा खरा भाग तेथून पुढेच सुरू होतो. ज्या दाराने तो मनुष्य आत शिरला ते दार कोणी उघडले आणि ते आज तरी नीट बंद झाले आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून एका लबाडाच्या पतनाचा आनंद मानणे म्हणजे चोर गेल्यावर उघड्या दारात बसून पान खाण्यासारखे आहे.

प्रथम त्या मुख्याधिकाऱ्याची हकीकत सांगू. पूर्वी 'लॉइड्स ब्रोकरेज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका दलाली कंपनीचे गेल्या शतकाच्या अखेरीस नामांतर झाले आणि ती 'होम ट्रेड' झाली. तिचे सूत्रधार संजय अग्रवाल. तो काळ इंटरनेटच्या पहिल्या नवलाईचा होता. कंपनीच्या नावापुढे संगणकाचा आणि संकेतस्थळाचा उल्लेख असला म्हणजे तिचा नफा-तोटा कोणी विचारीत नसे. होम ट्रेडने नवी मुंबईत वाशी येथे झगझगीत कचेरी थाटली. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन या तिघांस एकाच कंपनीच्या जाहिरातींत लोकांपुढे उभे केले. त्या जाहिराती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस एक गोष्ट आठवेल. त्यांत सर्व काही होते, फक्त ही कंपनी धंदा कोणता करते एवढेच नव्हते. क्रिकेटपटूचे शतक आणि नटाचे हास्य यांच्या बळावर पत निर्माण होते, ही कल्पना पूर्वीच्या सावकाराला सुचली नसती. पूर्वीचा सावकार लोभी असेल, निर्दय असेल, परंतु समोरच्याची पत त्याच्या जमिनीवरून, जनावरांवरून आणि वागणुकीवरून ठरवी. आमच्या काळात ती रस्त्यावरच्या जाहिरातफलकावरून ठरू लागली.

ही कंपनी लोकांस दाखवी ते शेअर-खरेदीचे संकेतस्थळ, आणि ज्या धंद्याने ती बुडाली तो सरकारी रोख्यांचा. येथे हा व्यवहार थोडक्यात समजावून सांगितला पाहिजे, कारण तो समजला नाही म्हणूनच तो साधला. बँकेने लोकांच्या ठेवींपैकी कायद्याने ठरविलेला काही हिस्सा सुरक्षित स्वरूपात ठेवावयाचा असतो. त्याचा एक मार्ग म्हणजे सरकारी कर्जरोखे घेणे. सरकार देणेकरी असल्यामुळे हे रोखे सर्वांत निर्धोक. या रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या वहीत नोंदली जाते. विकणाऱ्याच्या खात्यातून रोखा उतरावा, घेणाऱ्याच्या खात्यात चढावा आणि त्याच वेळी किंमत चुकती व्हावी, ही योग्य रीत. यात दलालाचे काम घेणारा व विकणारा यांची गाठ घालून देण्याचे आणि त्याबद्दल आपली दलाली घेण्याचे. रोखा त्याच्या नावावर असण्याचे कारण नाही आणि संपूर्ण किंमत त्याच्या हाती पडण्याचे तर मुळीच नाही. होम ट्रेडच्या प्रकरणात आरोप असा आहे की सहकारी बँकांनी कोट्यवधींची किंमत सरळ दलालाला दिली आणि बदल्यात सौद्याची चिठ्ठी घेऊन त्या स्वस्थ बसल्या. रोखे आलेच नाहीत आणि रक्कमही परतली नाही.

आठवड्याच्या बैलबाजारात आमचा अडाणी म्हणविला जाणारा शेतकरी बैलाचे दावे हाती आल्यावाचून रुपया सोडीत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच धोतराच्या कनवटीला हात घालतो. त्याच शेतकऱ्याचे ३० कोटी रुपये बँकेच्या कचेरीत गेल्यावर मात्र दावे न पाहताच दिले गेले. अडाणी कोण आणि शहाणा कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

एप्रिल २००२ च्या अखेरीस हा डोलारा कोसळला. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेने २००१-०२ या वर्षात होम ट्रेडसह पाच खासगी कंपन्यांमार्फत केलेल्या रोखे-खरेदीत सुमारे १२५ कोटी रुपये अडकल्याचे निघाले. व्याज धरून तो आकडा दीडशे कोटींच्या पुढे गेला. वर्धा जिल्हा बँकेचे सुमारे २५ कोटी, आमच्या जिल्हा बँकेचे ३० कोटी आणि गुजरातेतील काही सहकारी बँकांच्या रकमा असेच गुंतल्या होत्या. मे महिन्यात संजय अग्रवाल यांस अटक झाली. ज्या वर्तमानपत्रांनी पूर्वी त्यांच्या कंपनीच्या पानभर जाहिराती छापल्या होत्या, त्यांनीच आता त्यांच्या अटकेची हकीकत छापली. कचेरीचे दिवे मालवले आणि जाहिरातींतले तारे आपापल्या मैदानावर व पडद्यावर परतले. ठेवीदाराला मात्र परत जावयास दुसरे ठिकाण नव्हते.

हा घात अचानक झाला, कोणास कल्पनाही करता आली नसती, असे जे सांगण्यात आले ते आम्हांस मान्य नाही. अगदी याच जातीचा घोटाळा देशाने दहाच वर्षांपूर्वी, १९९२ साली, पाहिला होता. हर्षद मेहता यांच्या त्या प्रकरणात सरकारी रोख्यांऐवजी बँकांच्या पावत्या फिरविल्या गेल्या आणि त्या पावत्यांच्या पाठीशी रोखेच नव्हते असे पुढे उघड झाले. त्यात बँक ऑफ कराड ही आमच्या महाराष्ट्रातली जुनी बँक नामशेष झाली. जानकीरामन समितीने सर्व चिरफाड केली. दलालाने गाठ घालून देण्यापलीकडे हात घालू नये, पैसा व रोखा यांची अदलाबदल एकाच वेळी व्हावी, सर्व व्यवहार एकाच दलालाच्या हाती देऊ नयेत, असे दंडक रिझर्व्ह बँकेने त्यानंतर घालून दिले. हर्षद मेहता ३१ डिसेंबर २००१ रोजी कैदेत असताना मरण पावले. त्यांच्या चितेची राख निवते न निवते तोच, चार महिन्यांच्या आत, होम ट्रेडचे प्रकरण बाहेर आले. नियम कागदावर होते, दृष्टांत डोळ्यांपुढे होता, तरीही तीच चूक त्याच पद्धतीने झाली. याला अज्ञान म्हणणे कठीण आहे. ठेच लागल्यावर मागचा शहाणा होतो अशी म्हण आहे. आमच्या बँकांत पुढच्यालाही ठेच लागली आणि मागच्यालाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत आणि आरोपी व गुन्हेगार यांमधील भेद आम्ही पुसू देणार नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याने तो केलाच असे मानून जनसमूहाने निकाल द्यावा, ही प्रथा आज एका दलालावर उलटली म्हणून गोड वाटेल, परंतु उद्या ती निरपराध देशभक्तावरही उलटेल. परकीय अमलात आमच्या थोर पुढाऱ्यांनी न्यायासनासमोर जो हक्क मागितला तोच हक्क संजय अग्रवाल यांनाही आहे. नागपूरच्या खटल्यात पुढे जे सहा जण दोषी ठरले त्यांत त्यांचे नाव नव्हते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांच्या माथी कोणता दोष मारावयाचा हे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न निराळा आहे. तो फसविणाऱ्याविषयी नसून ज्यांच्या हवाली पैसा होता त्यांच्याविषयी आहे.

बँकेचा संचालक हा कायद्याच्या दृष्टीने कोण? तो मालक नव्हे. ठेवीदाराचा पैसा त्याच्या स्वाधीन केलेला असतो, तो त्याच्या मालकीचा केलेला नसतो. भारतीय दंड संहितेच्या ४०९ व्या कलमाने लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा दलाल यांनी स्वाधीन मालमत्तेचा अपहार केल्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली होती आणि नव्या भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमातही तीच कायम आहे. साध्या चोराहून विश्वासघातक्याला कायदा कठोर शासन करतो, कारण चोर कुलूप तोडतो आणि विश्वासघातकी मनुष्याला आपण होऊन किल्ली दिलेली असते. परंतु आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून काय दिसते? बँकेचे अध्यक्षपद म्हणजे पूर्वीच्या देशमुखी-पाटीलकीसारखे वतन, नोकरभरती म्हणजे आपल्या माणसांची सोय, कर्जवाटप म्हणजे मेहेरनजर आणि गुंतवणूक म्हणजे खासगीतला व्यवहार! निजामाच्या राज्यातल्या जहागिरी संपल्या म्हणून १७ सप्टेंबर हा दिवस आम्ही मराठवाड्यात दर वर्षी साजरा करतो. त्या जहागिरी सहकाराच्या पाटीखाली पुन्हा उभ्या राहावयाच्या असतील तर तो उत्सव तरी कशाला?

संचालकांच्या वतीने एक बचाव नेहमी पुढे येतो. 'आम्ही खेड्यातली माणसे. रोख्यांचे इंग्रजी कागद आम्हांस काय कळणार? व्यवस्थापकाने ठेवले त्यावर सह्या केल्या.' हा बचाव ऐकून कोणाचेही मन द्रवेल, परंतु तो टिकणारा नाही. १९५८ साली हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांचे शेअर आयुर्विमा महामंडळाने सव्वा कोटी रुपयांच्या घरात खरेदी केले म्हणून चौकशी झाली. मुंबईचे सरन्यायाधीश महंमद करीम छागला यांनी ती भर लोकांसमोर चालविली आणि काही आठवड्यांच्या आत, फेब्रुवारीत, आपला अहवाल दिला. सचिवाने केले, मंत्र्यास ठाऊक नव्हते, हा युक्तिवाद त्यांनी मान्य केला नाही. आपल्या हाताखालच्या माणसाच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याचीच, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांस पायउतार व्हावे लागले. जो न्याय दिल्लीच्या अर्थमंत्र्याला लागू झाला तो जिल्हा बँकेच्या संचालकाला का लागू होऊ नये? ज्याला कागद कळत नाही त्याने सही करू नये. ज्याला सही केल्यावाचून राहवत नाही त्याने कागद शिकून घ्यावा. दोन्ही जमत नसेल तर खुर्ची सोडावी. चौथा मार्ग विश्वस्ताला उपलब्ध नाही.

आता न्यायाच्या गतीकडे वळू. नागपूरच्या प्रकरणात आरोपपत्र २००२ सालीच दाखल झाले आणि निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार, व्यवस्थापक अशोक चौधरी आणि रोखे-दलाल केतन शेठ, सुबोध भंडारी, नंदकिशोर त्रिवेदी व अमित वर्मा यांस पाच वर्षांचा सश्रम कारावास आणि दंड झाला. तिघे निर्दोष सुटले. मधल्या एकवीस वर्षांत केदार विधानसभेवर निवडून आले आणि २०१९ ते २०२२ या काळात राज्याचे मंत्रीही होते. शिक्षेनंतर त्यांची आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षेस स्थगिती देऊन जामीन दिला. अपील करण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद आहे आणि अपिलात काय होईल यावर आम्ही अवाक्षर बोलणार नाही. परंतु एकवीस वर्षांनी लागलेला पहिला निकाल हा कोणासाठी न्याय? आरोपी निर्दोष असेल तर त्याच्या आयुष्याची एकवीस वर्षे कलंकाखाली गेली. दोषी असेल तर तितकी वर्षे तो सत्तेच्या पालखीत मिरवला. आणि ठेवीदार? १९९९ साली पन्नाशीत ठेव ठेवणारा मनुष्य २०२३ साली हयात असलाच तर पंचाहत्तरीच्या घरात पोहोचला.

निरनिराळ्या राज्यांत याच दलालांविरुद्ध निरनिराळे खटले रेंगाळत होते. ते मुंबईच्या एकाच न्यायालयात एकत्र चालवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२२ साली, म्हणजे गुन्हे नोंदल्यानंतर वीस वर्षांनी. खटले एकत्र चालविण्याची गरज पहिल्या वर्षी नव्हती काय? रोखे-दलाल तेच, पद्धत तीच, काळ तोच. ही गोष्ट पोलिसांस आणि सरकारी वकिलांस २००२ साली समजली असती तर साक्षीदार जिवंत असताना, कागद वाळवीने खाण्यापूर्वी आणि स्मृती शाबूत असताना काम उरकले असते.

वाचक म्हणतील, असे गुंतागुंतीचे खटले लवकर चालणे शक्यच नाही. आम्ही त्यांस एक उदाहरण देतो. लंडनमध्ये क्लॅरेन्स हॅट्री या बड्या भांडवलदाराने नगरपालिकांचे खोटे कर्जरोखे तारण ठेवून पैसा उभारला. सप्टेंबर १९२९ मध्ये त्याची भानगड बाहेर आली. जानेवारी १९३० मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्याने गुन्हा कबूल केल्याने काम सोपे झाले हे खरे. परंतु कबुली नसती तरी तेथील न्यायालयास एकवीस वर्षे लागली नसती, हे कोणीही मान्य करील. इंग्रजांची राजवट आमच्यावर लादलेली होती आणि ती गेली हे आमचे भाग्य. परंतु स्वराज्यात न्याय त्यांच्या देशातल्याहून सावकाश मिळावा, असे स्वराज्य मिळविणाऱ्यांपैकी कोणी इच्छिले होते काय? स्वराज्याची परीक्षा ध्वजवंदनाने होत नाही. गरिबाचा बुडालेला रुपया किती दिवसांत परत मिळतो, यावर ती होते.

आता आमच्या जिल्ह्याचा विचार करू. तीस कोटी हा आकडा मुंबईच्या शेअरबाजारात एका सकाळच्या चढउताराचा असेल. परंतु २००२ साली एका शेतकऱ्यास दहा हजारांचे पीककर्ज लागते असे धरले तर ती रक्कम तीस हजार शेतकऱ्यांच्या पेरणीची होती. आणि हा जिल्हा कोणता? जेथे मृग कोरडा गेला की आषाढात चाऱ्याची विवंचना सुरू होते, जेथे परंडा-भूमपासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत पाणी हाच पहिला प्रश्न असतो, जेथे १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपाने घरेच्या घरे गाडली आणि उरलेल्यांनी पुन्हा भिंती उभारल्या. अशा जिल्ह्यात सहकारी बँक म्हणजे केवळ पेढी नव्हे. गावातली विविध कार्यकारी सोसायटी आणि तिच्या मागे उभी असलेली जिल्हा बँक ही कुणब्याची खताची, बियाण्याची आणि अडल्या वेळेची शेवटची आशा. ती आटली की तो पुन्हा खासगी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. होम ट्रेडच्या फटक्यातून सावरण्यापूर्वी तेरणा आणि तुळजाभवानी या साखर कारखान्यांकडील थकलेल्या कर्जांचे ओझेही याच बँकेच्या मानेवर पडले. पैसा आपला, खाते आपले, परंतु मागावयास जावे तर 'रोकड आली म्हणजे देऊ' असे उत्तर! हे उत्तर ज्याने ऐकले त्याच्या मनातून बँक या शब्दावरचाच विश्वास उडतो. बुडालेली रक्कम कधी तरी भरून काढता येते. उडालेला विश्वास पिढी गेल्यावाचून परत येत नाही.

या प्रकरणावरून काही विद्वान असा निष्कर्ष काढतात की सहकार हीच मुळात फोल वस्तू आहे, बँका खासगी भांडवलदारांच्या हाती सोपवाव्या म्हणजे कारभार चोख होईल. हा निष्कर्ष आम्हांस उलटा वाटतो. होम ट्रेड ही सहकारी संस्था होती काय? ती जॉइंट स्टॉक कंपनी होती. तिला संगणक होते, पगारदार तज्ज्ञ होते, कायदेपंडित होते, देशातले सर्वांत प्रसिद्ध चेहरे जाहिरातीला होते. लबाडीला सहकारी किंवा खासगी अशी जात नसते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातून आला आणि १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पुढे वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासारख्यांनी सहकाराला शेतकऱ्याच्या आर्थिक स्वराज्याचे रूप दिले. ती इमारत चांगली आहे. तिच्या आढ्याला वाळवी लागली म्हणून इमारत पाडावयाची नसते, वाळवी काढावयाची असते.

देखरेखीच्या बाबतीतही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९६६ पासून सहकारी बँकांच्या बँकिंग कारभारावर रिझर्व्ह बँकेचा आणि संस्था म्हणून त्यांच्या कारभारावर राज्याच्या सहकार निबंधकाचा अंमल आहे. तपासणी नाबार्डकडे. तीन राखणदार असले की चोरी होणार नाही असे भोळ्या माणसाला वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येक राखणदार दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि कुंपण शेत खाते. होम ट्रेडनंतर त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने आपल्या देखरेखीखालील संस्थांनी सरकारी रोखे कागदी न ठेवता खात्यातील नोंदीच्या स्वरूपातच ठेवावेत असे बंधन घातले. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. त्याच वर्षी ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत आणि त्यांचे श्रेय ज्याचे त्यास दिले पाहिजे. परंतु त्या वरातीमागून आलेल्या घोड्यासारख्या आहेत. शिवाय यंत्राने रोखा कोणाच्या खात्यात आहे ते कळेल, संचालकाच्या मनात काय आहे ते यंत्रास कळणार नाही. आज रोख्यांचा मार्ग बंद झाला तर उद्या बुडीत कारखान्याच्या कर्जाचा मार्ग उघडा आहेच.

तेव्हा आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, होम ट्रेडशी संबंधित जे खटले व अपिले अद्याप निकालाविना असतील ती दैनंदिन सुनावणीने चालवून संपवावीत. आरोपी सुटोत की शिक्षा होवो, परंतु निकाल लागो. दुसरी, सहकार कायद्याच्या ८८ व्या कलमाखालील चौकशीत ज्याच्यावर जबाबदारी निश्चित होईल त्याच्या मालमत्तेतून वसुली व्हावी आणि अपिलांच्या व स्थगितींच्या साखळीत ती वर्षानुवर्षे अडकू नये, यासाठी शासनाने कालमर्यादा घालावी व ती पाळावी. तिसरी, प्रत्येक जिल्हा बँकेने आपल्या प्रत्येक सरकारी रोख्याची यादी, रिझर्व्ह बँकेकडील खात्याच्या दाखल्यासह, वार्षिक अहवालात मराठीत छापावी. चौथी, कोणत्या संचालकाने व त्याच्या आप्तांनी किती कर्ज घेतले आणि त्यातले किती थकले, हे त्याच अहवालात नावानिशी यावे. यांत एकही मागणी क्रांतिकारक नाही. दुकानदार आपल्या भागीदाराला जेवढा हिशेब देतो तेवढाच आम्ही मागतो.

परंतु मागण्या सरकारकडे करून सभासद मोकळे होत नाहीत. बँकेचा मालक सभासद आहे आणि मालक झोपला तर कारभाऱ्याला वतनदार होण्यास कितीसा वेळ लागतो? ज्या सभेत ३० कोटींच्या गुंतवणुकीबद्दल कोणी उठून 'रोखे कोठे आहेत, दाखवा' एवढे म्हटले असते, त्या सभेत वाशीच्या झगमगाटाचा निकाल लागला असता. त्यासाठी वकील लागत नव्हता, हिशेबतपासनीस लागत नव्हता. बैलबाजारातला शहाणपणा पुरेसा होता.

तुळजापूरच्या देवीला साकडे घालून बँका वाचत नाहीत. देवीही आपल्या भक्ताला दिलेल्या डोळ्यांचा उपयोग करावयास सांगते. यंदाच्या सभेस जाताना आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक सोसायटी-सभासदाने अहवाल घरी वाचून जावा, एक प्रश्न लिहून न्यावा आणि उत्तर मिळाल्याशिवाय 'मंजूर' म्हणू नये. अध्यक्ष रागावतील, शेजारी दंडाला धरून खाली बसवतील, चहा थंड होईल. होऊ द्यावा. पुढचा दलाल कोणत्या नावाने आणि कोणत्या नटाच्या हास्याआडून येईल हे आज सांगता येत नाही, परंतु तो येणार हे निश्चित. तो येईल तेव्हा त्याला दारात विश्वस्त भेटावा की वतनदार, हे ठरविणे सर्वस्वी सभासदांच्या हाती आहे.